दोष एकीकडे, दुरुस्ती दुसरीकडे

एखादी वस्तू बिघडली म्हणजे ती पुन्हा चालू करणे आणि ती दुरुस्त करणे ह्या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण सहसा धरून चालतो. पुष्कळदा त्या एक असतातही. परंतु तापलेल्या मुलाला गोळी दिली, ताप उतरला आणि मूल अंगणात खेळू लागले, तरी रोग गेलाच असे नव्हे, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याने लक्षण घालवले पण कारण जागच्या जागी राहू दिले, त्याने आपले कर्तव्य केले काय? आणि ज्याच्यासाठी हे काम केले तो संतुष्ट असेल, तर कोणाची फसवणूक झाली असे म्हणता येईल काय?

नुसत्या तत्त्वचर्चेने असे प्रश्न सुटत नाहीत. म्हणून हा प्रश्न आपण एका साध्या, तेलाने माखलेल्या जागी, म्हणजे जुन्या मोटारगाडीच्या बॉनेटखाली नेऊन तपासू. यंत्राला मन नसते. त्यामुळे तेथे कारण आणि परिणाम ह्यांची साखळी स्वच्छ दिसते, आणि माणसांच्या व्यवहारात जे धूसर असते ते ओळखण्यास डोळा तयार होतो.

ओढ आणि ठिणगी

उदाहरणादाखल अ‍ॅम्बॅसॅडर घेऊ. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होत होती. तिच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत १४८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, किंवा घरी नाही तर ओळखीच्या डॉक्टरांकडे वा टॅक्सीवाल्याकडे, ती गाडी होती. काहींकडे ती अजूनही जपून ठेवलेली आहे.

इंजिनातील पिस्टन खाली उतरतो तेव्हा तो हवा आणि पेट्रोल ह्यांचे मिश्रण आत ओढतो. गाडी उभी असून इंजिन नुसते मंद चालू असते तेव्हा कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन ओढत राहतो, हवा मात्र पुरेशी येत नाही. म्हणून इनलेट मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब तयार होतो. ह्यालाच मेस्त्री लोक व्हॅक्यूम म्हणतात, आणि तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा मंद चालीवर साधारण १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. ही ओढ फुकट जात नाही. एका बारीक नळीने ती डिस्ट्रिब्यूटरकडे नेलेली असते. काही गाड्यांत ती ब्रेकच्या बूस्टरला मदत करते. फार जुन्या काही गाड्यांत काचेवरचे वायपरदेखील तिच्यावर चालत, आणि म्हणून चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वायपर रेंगाळत.

आता ठिणगीकडे वळू. मिश्रण पेटण्यास क्षणाचा काही अंश लागतो. ज्वालेचा पूर्ण जोर पिस्टनवर पडावा तो पिस्टन माथ्यावरून नुकताच खाली वळला असता. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडी आधी पडावी लागते. ही किती आधी, ते अंशांत मोजतात. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर एका अंशाला सेकंदाचा ५४००वा भाग लागतो. ३००० फेरे घेत असेल तर १८०००वा भाग. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी लवकर पडली पाहिजे. हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील फिरती वजने करतात. शिवाय गाडी सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालली असता सिलिंडरांत मिश्रण विरळ असते, ते सावकाश जळते. तेव्हा व्हॅक्यूमची नळी एका पडद्याला ओढून ठिणगी आणखी थोडी पुढे आणते. चढ आला, अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला, की व्हॅक्यूम पडतो आणि पडदा सैल होऊन ठिणगी मागे येते. बेळगावहून सावंतवाडीला जाऊन परत येताना आंबोली घाटात ही देवघेव वळणावळणाला, आपल्या नकळत, चाललेली असते.

ठिणगीची वेळ चुकणे ही केवळ पेट्रोलच्या खर्चाची बाब नाही. १९०८ ते १९२७ ह्या काळात अमेरिकेत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला ठिणगी मागेपुढे करण्याचा दांडा चालकाच्या हाताशी होता. हँडल मारून गाडी सुरू करण्यापूर्वी तो मागे घेण्यास विसरले, तर ठिणगी फार लवकर पडून इंजिन उलटा झटका देई, आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे. उत्तम पेट्रोल आणि उत्तम ठिणगी असूनही केवळ वेळ चुकली म्हणून हात मोडत असे.

एक लक्षण, दोन कारणे

आता गाडी बिघडते ती अशी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबरी नळी कडक होते, तिला चीर पडते. किंवा कार्ब्युरेटरखालचे गॅसकेट सुकते. तेथून न मोजलेली हवा आत शिरते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन मंद चालीवर थरथरते, मिसिंग मारते, सिग्नलला उभे राहिले की बंद पडते. व्हॅक्यूमच्या गेजचा काटा नेहमीपेक्षा खाली स्थिर राहतो.

परंतु ठिणगी उशिरा पडत असली तरीही काटा असाच खाली राहतो, आणि तशी ती पडण्याचे कारणही अगदी सामान्य आहे. डिस्ट्रिब्यूटरमधील सी.बी. पॉईंटची टाच शाफ्टवर घासून झिजते, पॉईंटमधील फट कमी होते, पॉईंट उशिरा उघडतात. दर दिवशी ही झीज इतकी थोडी असते की चालकाला ती जाणवत नाही. गाडी जरा जड झाली, जरा तापू लागली, असे वाटते. पण गाडीचे वयच झाले, असे म्हणून तो गप्प बसतो.

म्हणजे लक्षण एक आणि कारणे दोन. कधी दोन्ही कारणे एकाच वेळी हजर. येथे मेस्त्रीची परीक्षा सुरू होते.

सोपा मार्ग त्याच्या हाताशी असतो. डिस्ट्रिब्यूटर एका क्लॅम्पने धरलेला असतो. एक बोल्ट सैल केला की तो हाताने फिरतो. कानाने ऐकत ऐकत तो थोडा पुढच्या बाजूस फिरवला, की थरथरणारे इंजिन सुधारते. का सुधारते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा मोह त्यात आहे. गळतीमुळे मिश्रण विरळ झालेले असते. विरळ मिश्रण सावकाश जळते. म्हणून त्याला लवकरची ठिणगी मानवते. मग कार्ब्युरेटरचा स्लो स्क्रू अर्धा फेरा आवळला की आवाज एकसारखा होतो. पाच मिनिटांत गाडी शहाणी झाली. मालक खूष, मेस्त्रीची मजुरी वसूल.

चीर मात्र जशीच्या तशी राहिली, आणि जी ठिणगी बरोबर होती तिची वेळ चुकवली गेली.

ही गाडी आता घाटाला लागते. अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबलेला आहे. कार्ब्युरेटरमधून भरपूर हवा येत आहे. त्या मानाने चिरेतून येणारी हवा नगण्य ठरते आणि मिश्रण आपोआप ठीक होते. ठिणगी मात्र अजून लवकरच पडत आहे. पिस्टन वर येत असतानाच जळते वायू त्याला खाली ढकलू पाहतात. इंजिनातून टणटण असा आवाज येऊ लागतो, ज्याला नॉकिंग म्हणतात. असे फार दिवस चालले तर पिस्टन आणि बेअरिंग ह्यांचे नुकसान होते. ज्या दिवशी हे उघडकीस येते त्या दिवशी त्या रबरी नळीची आठवण कोणालाही राहिलेली नसते.

मेस्त्रीची बाजू

कोणाचाही न्याय करण्यापूर्वी त्याची बाजू तिच्या पूर्ण जोरासह ऐकली पाहिजे. तो मेस्त्री तीन गोष्टी सांगू शकेल.

पहिली गोष्ट, मालकाने जे मागितले तेच मी दिले. तो म्हणाला, 'गाडी सिग्नलला बंद पडते, तेवढी बघा.' आता ती बंद पडत नाही.

ह्याला उत्तर असे की, मालक लक्षणाच्या भाषेत बोलतो, कारण त्याला दुसरी भाषा येत नाही. रोगी डॉक्टरांना 'पोटात दुखते' एवढेच सांगतो; त्याचा अर्थ 'दुखणे तेवढे मारा, आत काय आहे ते पाहू नका,' असा नसतो. अज्ञानी माणसाच्या शब्दांना घट्ट धरून त्याच्या विश्वासाला बगल देणे हा शब्दांचा खेळ झाला. त्याने आपले शब्द दिले तसाच आपला अज्ञानही आपल्या हाती सोपवला आहे, आणि सोपवलेल्या वस्तूची जबाबदारी घेणाऱ्यावर असते.

दुसरी गोष्ट, गळती शोधण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळाचे पैसे कोणी देत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि तो आपल्यासारख्या गाडीमालकांवर उलटतो. जो मालक पाच मिनिटांच्या कामाला वीस रुपये कमी करण्यासाठी घासाघीस करतो, आणि तपासणीच्या तासाला 'तुम्ही केले तरी काय?' असे विचारतो, तो स्वतःच लक्षण झाकण्याची मागणी करीत असतो. ज्या गावात निदानाला मोल नाही तेथे प्रामाणिक मेस्त्री टिकणे कठीण. दोष वाटून घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार आहे. समजा, एक टॅक्सीवाला संध्याकाळी सात वाजता येतो. पहाटे त्याला लांबचे भाडे आहे. नळी मिळण्याचे दुकान बंद आहे. भाडे गेले तर घरात आठवड्याचा किराणा नाही. अशा वेळी कारणाचा आग्रह धरून गाडी अडकवून ठेवणे ही नीती की निर्दयता?

ह्या ठिकाणी सरसकट उत्तर देणारा माणूस बहुधा कधी गॅरेजमध्ये उभा राहिलेला नसतो. तात्पुरती सोय करणे हे पाप नव्हे. परंतु सोय कशाची करावी आणि कशी करावी, ह्याला नियम आहे, आणि तो यंत्रच शिकवते.

डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी नळी फाटली असेल तर तिचे मॅनिफोल्डकडील वा कार्ब्युरेटरकडील तोंड बुचाने बंद करावे. गळती थांबते. हलक्या पायाने चालताना ठिणगी जितकी पुढे यावी तितकी येणार नाही, पेट्रोल थोडे अधिक जाईल. पण इंजिनाला इजा नाही आणि बरोबर असलेल्या टायमिंगला हात लावावा लागला नाही. ही सोय स्वच्छ आहे. तीच युक्ती ब्रेकच्या बूस्टरच्या नळीवर केली, तर इंजिन छान चालेल. परंतु ब्रेकचा पेडल दगडासारखा जड होईल, आणि घाटातील उतारावर गाडी थांबवण्यास दुप्पट-तिप्पट जोर लागेल. नळी तशीच, बूच तसेच, काम तेवढेच. परंतु पहिल्यात तोटा झाला तर तो मालकाच्या खिशाचा, आणि दुसऱ्यात तो मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांचा. सोय करणाऱ्याने स्वतःला विचारावे: ही फसली तर किंमत कोण भरील? ज्याला माहीत आहे आणि ज्याने मान्य केले आहे तो, की ज्याला काहीच सांगितलेले नाही असा कोणी?

म्हणून तात्पुरत्या सोयीला तीन अटी असाव्यात. ती गाडी घेणाऱ्याला उघडपणे सांगावी. तिची खूण ठेवावी. डिस्ट्रिब्यूटर फिरवावाच लागला तर आधी खडूने वा खिळ्याने मूळ जागेची रेघ मारून ठेवावी, म्हणजे पुढचा मेस्त्री परत येऊ शकेल. आणि तिचा भार अजाण माणसावर टाकू नये. ह्या तिन्ही अटी पाळल्या तर ती सोय. न पाळल्या तर तेच काम फसवणूक ठरते, मग हेतू कितीही दयाळू असो.

क्रमाचे महत्त्व

हा विचार नुसता 'प्रामाणिक असावे' एवढ्यावर संपत नाही. प्रामाणिकपणाला पद्धत लागते. ज्याला पद्धत नाही तो मनाने कितीही सरळ असला तरी दुसऱ्याचे नुकसान करतो, कारण तो अंदाजाने भाग बदलत सुटतो: आज कंडेन्सर, उद्या कॉईल, परवा कार्ब्युरेटर; आणि त्याच्या अंदाजाची किंमत मालक भरतो.

अनुभवी मेस्त्री आधी ऐकतो आणि पाहतो. रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून दुसरे टोक सांध्यांजवळून फिरवले तर गळतीची शिट्टी नेमकी कोठून येते ते कळते. मग एकेक नळी चिमटीत धरून दाबून पाहावी. जी दाबल्यावर इंजिन सुधारते ती दोषी. गॅसकेटच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे थेंब टाकले तर ते आत ओढले जातात आणि इंजिनाचा आवाज बदलतो. पेट्रोल शिंपडून पाहण्याची रीत मात्र टाळावी. अ‍ॅम्बॅसॅडरच्या ह्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल पडणे म्हणजे आगीला बोलावणे.

गळती संपली की पॉईंटची फट फिलर गेजने पाहावी; ल्युकासच्या त्या काळच्या डिस्ट्रिब्यूटरना ती साधारण १४ ते १६ थाऊ, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागे. त्यानंतर टायमिंग, आणि ते पाहताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, नाही तर आपण मूळ टायमिंग मोजतो आहोत की व्हॅक्यूमने पुढे आणलेले, हे समजणार नाही. सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरचे स्क्रू.

हा क्रम मनाला येईल तसा ठरवलेला नाही. फट बदलली की टायमिंग बदलते; टायमिंग बदलल्याने फट बदलत नाही. गळती असताना लावलेले मिश्रण गळती बंद होताच चुकीचे ठरते. जे दुसऱ्यावर अवलंबून आहे ते आधी लावले तर दर पायरीला मागचे काम मोडते. आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली, तर ती कशाने सुधारली हे कधीच कळत नाही. मालकाची गाडी सुधारली असेल, पण मेस्त्रीचे ज्ञान तेथेच राहिले.

माप आणि ठिकाण

ह्यावर कोणी म्हणेल, मग पुस्तकातील आकडा हाच न्यायाधीश मानावा. तेही पुरेसे नाही. समुद्रसपाटीपासून दर हजार फूट उंचीला व्हॅक्यूमच्या गेजचा काटा सुमारे एक इंच खाली येतो, कारण उंचावर हवेचा दाबच कमी. पणजीत वा वडोदऱ्यात जे इंजिन १९ इंच दाखवते तेच, तितकेच निरोगी, बेळगावच्या सुमारे ७५० मीटर उंचीवर साडेसोळाच्या आसपास दाखवील. पणजीचे माप हाती घेऊन बेळगावचे इंजिन आजारी ठरवणारा मेस्त्री आकड्याशी प्रामाणिक असूनही अन्याय करतो. इंदूर आणि हैदराबाद साधारण साडेपाचशे मीटरवर. तेथेही हिशेब वेगळा.

पेट्रोलही तेच राहिलेले नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात मिळू लागले. कारखान्याने पन्नास वर्षांपूर्वी दिलेला टायमिंगचा आकडा त्या वेळच्या पेट्रोलसाठी होता. जाणता मेस्त्री आज त्या आकड्यापासून एक-दोन अंश सरकेल, आणि त्यात गैर काही नाही. नियम माहीत असून, कारण देऊन, नोंद ठेवून त्यापासून सरकणे वेगळे. आणि आपण सरकलो आहोत हेच माहीत नसणे वेगळे. पहिल्याला विवेक म्हणतात. दुसऱ्याला आपण अनुभव म्हणतो, पण पुष्कळदा ती सवय असते. थरथरणारे इंजिन रोज ऐकणाऱ्या कानाला ती थरथरच नैसर्गिक वाटू लागते. म्हणून कानाला अधूनमधून टायमिंग लाईटसमोर उभे करावे लागते.

जे सहज फिरते तेच फिरवले जाते

आता बॉनेट बंद करून घराकडे वळू. ह्या सर्व विवेचनात मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी. मेस्त्रीने डिस्ट्रिब्यूटर का फिरवला? तो दोषी होता म्हणून नव्हे. तो एका बोल्टवर सहज फिरतो म्हणून. चीर शोधणे कष्टाचे होते. बरोबर असलेला भाग मात्र हाताशी होता आणि तक्रार न करता वळला.

घरात दोन मुले भांडतात. एक हट्टी, एक समजूतदार. आईवडील कोणाला सांगतात? 'तू शहाणी ना, तूच सोड.' घर शांत होते. पण हट्टाचे कारण तसेच राहते, आणि जी मुलगी योग्य होती तिला रोज थोडे थोडे अयोग्य बनवले जाते. वीस वर्षांनी, संसाराच्या चढावर, तिच्या मनातून जो आवाज येतो त्याचे कारण त्या वेळी कोणाला सापडत नाही. सून आणि सासू ह्यांच्यात, दोन भावांच्या वाटणीत, संस्थांच्या समित्यांतसुद्धा हेच घडते: जो ऐकतो त्यालाच पुन्हा ऐकायला सांगतात, आणि त्याला आपण शांतता म्हणतो.

शब्बाथशाळेच्या आणि इतर शाळांच्या शिक्षकांनी ह्याचा विशेष विचार करावा. मागच्या बाकावरचे मूल फळ्यावरचे उतरवून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, गडबड करते. दरडावले की ते गप्प होते. वर्गाची चाल एकसारखी झाली. पण त्या मुलाला फळा दिसतच नसेल तर? दरडावणे म्हणजे स्लो स्क्रू आवळणे झाले. आधी त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहावे. म्हणजे एक नळी चिमटीत धरून पाहावी. सुधारले तर कारण सापडले. न सुधारले तर दुसरी नळी: घरी जेवून आले आहे काय, रात्री झोपले आहे काय, आईवडिलांत काही चालले आहे काय. एका वेळी एक. ह्याला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे मोल कोणी देत नाही. परंतु ते मूल आपल्याकडे त्याच विश्वासाने सोपवलेले आहे, ज्या विश्वासाने मालक किल्ली मेस्त्रीच्या हाती ठेवतो.

झाकणे आणि नोंद ठेवणे

सुमारे २००० सालानंतर आपल्याकडील मोटारींतून कार्ब्युरेटर आणि पॉईंट जवळजवळ गेले. आता ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे प्रमाण संगणक ठरवतो. अशा गाडीत नळीला चीर पडली तर तो काय करतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन पाहून तो ओळखतो की मिश्रण विरळ झाले आहे, आणि थोडे पेट्रोल वाढवून ते सावरून घेतो. चालकाला काही जाणवत नाही. म्हणजे तोही लक्षण झाकतोच. फरक एवढाच की, आपण किती टक्के पेट्रोल वाढवले ह्याची तो नोंद ठेवतो, आणि ते प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेले की समोरचा पिवळा दिवा लावतो. तपासणाऱ्याने यंत्र जोडले की ती नोंद त्याच्यापुढे येते.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला ह्यात दिसते. सावरून घेणे हे जगण्याला लागतेच. प्रत्येक कारणाचा शोध प्रत्येक दिवशी लागत नाही. आई गोळी देते, टॅक्सीवाला पहाटे निघतो, शिक्षक तास पुरा करतो. त्यात कर्तव्याचा भंग नाही. भंग होतो तो दोन ठिकाणी: सावरून घेतले हे ज्याला कळायला हवे त्याच्यापासून लपवले तेथे, आणि सावरण्याचा भार निर्दोषावर टाकून आपण तो विसरून गेलो तेथे. मालक संतुष्ट आहे, एवढ्याने ह्या दोहोंपैकी एकही पुसले जात नाही, कारण त्याचे समाधान आपण दिलेल्या अर्धवट माहितीवर उभे असते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी घरातील, वर्गातील वा गाडीतील एखादा गोंगाट थांबला, की लगेच हात पुसून मोकळे होऊ नये. आपण चीर बुजवली की बोल्ट फिरवला, एवढे आधी पाहावे. बोल्ट फिरवला असेल तर खडूची रेघ मारून ठेवावी, ज्याला सांगायचे त्याला सांगावे, आणि दुकान उघडले की नळी आणावी.